पाणसापाच्या पोटावरचे फोड: बरे होऊन पुन्हा येतात तेव्हा

फोड दिसले, औषध लावलं, सापाने कात टाकली, पोट स्वच्छ झालं. महिना-दीड महिना बरा गेला आणि एके दिवशी काचेला टेकलेल्या पोटावर पुन्हा दोन पाणीदार ठिपके. पाणसाप पाळणाऱ्या बऱ्याच जणांना हा फेरा ठाऊक असेल. माझ्या मादीने तो मला तीनदा दाखवला. दोनदा मी औषध बदललं. तिसऱ्यांदा बाटली कपाटात ठेवली, टाकी पूर्ण उपसली, आणि तेव्हा कुठे उलगडा झाला. पाणसाप म्हणजे सदा ओला असणारा साप, असं मनात धरून मी ती टाकी मांडली होती. घोटाळा तिथेच होता.

पाणसाप पाण्यात शिकार करतो, धोका वाटला की पाण्यात सूर मारतो. पण दिवसाचा बराच वेळ तो पाण्यावर झुकलेल्या फांदीवर, काठच्या खडकावर किंवा वाळक्या लव्हाळ्यात ऊन खात पडलेला असतो. पाण्यातून निघाला की थोड्या वेळात त्याचं अंग खडखडीत कोरडं होतं. टाकीत आपण त्याला पाणी देतो, पण अंग सुकवायची सोय काढून घेतो. मग पोट दिवसरात्र ओलसर जागेवर टेकून राहतं, कातडी मऊ पडते, खवल्यांखाली पाणी धरतं. सुरुवातीला त्या फोडात नुसतं स्वच्छ पाणी असतं. पुढे एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारखे एरवी आसपास असणारेच जिवाणू आत शिरतात आणि प्रकरण चिघळतं.

पुढे जाण्याआधी हे कोणत्या सापांबद्दल आहे ते सांगतो. उत्तर अमेरिकेतले नेरोडिया, युरोप आणि आशियातले नॅट्रिक्स, दक्षिण आशियातला दिवड म्हणजे फाउलिया, आणि त्यांचे जवळचे नातलग गार्टर साप. हे सगळे बिनविषारी, काठावर राहून पाण्यात उतरणारे. जवळजवळ सगळं आयुष्य पाण्यातच काढणारे साप निराळे. सैल, खरखरीत कातडीचे अॅक्रोकॉर्डस किंवा नाकावर दोन शुंडा असणारा एर्पेटॉन यांना इथला कोरडेपणाचा सल्ला लावू नका, त्यांचे हाल होतील. एर्पेटॉन तर सौम्य विषारीही आहे. आणि ओळखीबाबत एक धोक्याची सूचना: दिवडासारखेच कंगोरेदार खवले असणारे र्‍हॅब्डोफिस गटातले साप दिसायला गरीब असतात, पण त्यातल्या काहींच्या चाव्याने माणसं दगावलेली आहेत. साप नक्की कोणता हे माहीत नसेल तर हातात घेऊन औषध लावायचा प्रश्नच येत नाही. कायद्याचंही एका वाक्यात उरकतो. रानातून पकडलेला स्थानिक साप घरात ठेवणं पुष्कळ देशांत गुन्हा आहे, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो आहेच. त्यामुळे खाली जे आहे ते कायदेशीररीत्या बाळगलेल्या, बंदिवासात जन्मलेल्या सापांसाठी, किंवा परवानगी घेऊन सापांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी.

आधी बघा, हे फोडच आहेत ना

पोटाचे खवले रुंद आणि आडवे असतात, एकाची मागची कड त्याच्या मागच्या खवल्यावर चढलेली. ओलीचे फोड बहुतेक या कडांशी दिसतात. मोहरीएवढे, कधी त्याहून मोठे, आत स्वच्छ पाणी. दोन-चार दिवसांत ते गढूळ होतात, मग पिवळट-तपकिरी, मग फुटून खपली धरतात. बोट फिरवलं तर खवला उचललेला जाणवतो. ते पोटभर विखुरलेले असतात, आणि बरगड्यांच्या खालच्या अंगालाही चढतात.

भाजल्याची खूण वेगळी. ती एकसंध असते: हीट मॅटवर, म्हणजे टाकी गरम ठेवणाऱ्या विजेच्या चटईवर, जो भाग टेकत होता तिथेच लाल किंवा करपलेला पट्टा, बाकी पोट नितळ. ही खूण सहसा एकाएकी उमटते. वर्षानुवर्षं चालत आलेल्या टाकीत अचानक असं झालं तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून मॅट चालू-बंद करणारं यंत्र, बिघडला का ते आधी तपासा.

तिसरी शक्यता माइट्सची, म्हणजे सापाचं रक्त पिणाऱ्या बारीक परजीवींची. यांचं शास्त्रीय नावच ओफिओनिसस नॅट्रिसिस, नॅट्रिक्सवरून पडलेलं. डोळ्याच्या कडेला, हनुवटीखालच्या घडीत बारीक काळे ठिपके हलताना दिसतात, अंगावर पांढरी धूळ बसल्यासारखी वाटते, आणि पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मिरपूड सांडल्यासारखे मेलेले माइट्स सापडतात. माइट्स झालेला साप सुटका करून घ्यायला तासन् तास पाण्यात बसतो आणि त्यापायी त्याला फोडही येतात. म्हणजे दोन्ही दुखणी एकदम असू शकतात, आणि नुसत्या फोडांवर उपचार केले की माइट्स तसेच राहतात.

चौथी शक्यता बुरशीची. ओफिडिओमायसीस ओफिडिइकोला नावाची बुरशी सापांच्या कातडीतलं केराटिन नावाचं प्रथिन खाते. उत्तर अमेरिकेत जंगली नेरोडियांत आणि युरोपात नॅट्रिक्समध्येही ती सापडलेली आहे. तोंडावर, नाकाच्या टोकाशी जाड खपल्या, कातडीखाली गाठी, चेहरा सुजलेला, साप पुन्हा पुन्हा कात टाकतोय, असं असेल तर मलमाच्या भानगडीत न पडता डॉक्टरांकडून नमुना प्रयोगशाळेत पाठवा. तोवर त्या सापाची भांडी, चिमटे, हातमोजे सगळं वेगळं ठेवा.

पोटावर सर्वत्र गुलाबी-लाल छटा पसरली असेल, खवल्यांच्या मधल्या कातडीत रक्त उतरल्यासारखं दिसत असेल आणि साप मलूल असेल, तर जंतू रक्तात गेले असण्याची शक्यता मोठी. तेव्हा पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इथे एक गफलत मात्र हमखास होते. फिक्या पोटाचे साप कात टाकायच्या आधी काही दिवस गुलाबीसर दिसतात. डोळे दुधाळ होत असतील, साप तरतरीत असेल आणि कात पडल्यावर रंग पूर्ववत झाला, तर घाबरायचं कारण नाही.

हवेतला आर्द्रतामापक फसवतो

माझ्या टाकीत काचेच्या मध्यावर हायग्रोमीटर चिकटवलेला होता आणि तो इमानेइतबारे ५० ते ५५ टक्के दाखवायचा. हे प्रमाण अगदी योग्य. म्हणून कित्येक महिने मी ओलीचा विचारच केला नाही. पण साप हवेत लोंबकळत नसतो, जमिनीवर पोट टेकून असतो, आणि हवा कोरडी असताना जमीन ओली असू शकते.

तपासायला कोणतंही यंत्र लागत नाही. पांढऱ्या टिश्यू पेपरची चौपदरी घडी करा. सकाळी दिवे लागायच्या आधी सापाची लपायची जागा उचला आणि तिथल्या अंथरुणावर ती घडी तळव्याने दहा सेकंद दाबून धरा. घडी उलटून उजेडात बघा. ओलीचे करडे डाग उमटले असतील तर तुमचा साप रात्रभर त्या ओलीवर झोपलेला आहे. माझी घडी पहिल्याच दिवशी चार पदर भिजली. वरचा भुसा कुरकुरीत होता, बोटभर खाली तो काळपट, आंबूस वासाचा लगदा झाला होता, त्याला पांढरे तंतू फुटले होते. दोनदा औषध बदललं तेव्हा मी फक्त वरचा थर पालटत होतो, हे तेव्हा लक्षात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

मग प्रश्न, एवढं पाणी येतं कुठून? मी रोज भांडं काठोकाठ भरायचो. भरलेलं भांडं दिसायला छान, साप सुखात आहे असं वाटतं. एका संध्याकाळी भांड्याच्या आतून पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारली आणि मादीला आत जाऊ दिलं. तिचं वजन तेव्हा ६४० ग्रॅम. सापाचं शरीर पाण्याइतकंच जड, त्यामुळे ती पूर्ण बुडाली की जवळजवळ तेवढ्याच मिलिलिटर पाण्याला जागा सोडावी लागणार. आर्किमिडीजचा नियम शाळेत पाठ केला होता, टाकीत कधी लावला नव्हता. अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एका डुबकीत भुशात. नंतर मी पाणी पुन्हा काठोकाठ भरायचो, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डुबकी मारायची.

उपाय साधाच आहे. साप वेटोळं करून आत बसला असताना पाणी काठापासून दोन-तीन बोटं खाली राहील इतकंच भरा. भांडं जड, रुंद बुडाचं, उलटणार नाही असं हवं. काठ आतल्या बाजूला वळलेला मिळाला तर उत्तम. ते टाकीच्या थंड टोकाला ठेवा. हीट मॅटवर ठेवलेलं पाणी कोमट होतं, वाफ होऊन झाकणाला दव धरतं आणि जंतूंची चंगळ होते. भांड्याच्या काठाला लागून मी खरखरीत सपाट दगड आणि बुचाच्या सालीचा एक उभा तुकडा मांडला. पाण्यातून निघाली की ती आधी त्यावरून जाते, पाणी तिथेच निथळतं, आणि भुशापर्यंत पोचते तोवर पोट बरंचसं सुकलेलं असतं. तळाशी भांड्याखाली एक पसरट थाळी आहे, सांडलेलं त्यात जमतं आणि दिसतं. दिसणं महत्त्वाचं, कारण भुशात जिरलेलं पाणी कधीच दिसत नाही.

आता थोडं परखड लिहितो. अर्ध्यात पाणी, अर्ध्यात जमीन, मध्ये काचेची भिंत, फिल्टर, झाडं, छोटासा धबधबा, अशा देखण्या टाक्यांची छायाचित्रं बघून पुष्कळ जण पाणसापाकडे वळतात. मीही वळलो होतो. पाणसाप बहुधा पाण्यातच शी करतो, आणि मासे खाणाऱ्याची शी पातळ, वासाची आणि वारंवार होणारी. माशांच्या टाकीचा फिल्टर एवढा भार पेलत नाही. पाणी नितळ दिसतं पण हात घातला की बुडाशी बुळबुळीत थर लागतो. साप रोज त्यात बसतो, बाहेर येऊन ओल्या जमिनीवर झोपतो. अशा टाकीत निरोगी पाणसाप ठेवणं अशक्य नाही, पण त्यासाठी लागणारी जागा, वायुवीजन आणि रोजची मेहनत बहुतेकांच्याकडे नसते. रोज उचलून घासता येईल असं एक साधं भांडं आरोग्याला कितीतरी बरं.

मी दोन सारखी भांडी घेतली. एक टाकीत, दुसरं साबणाने घासून, पातळ केलेल्या ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून, स्वच्छ धुऊन उन्हात पालथं. पूर्ण वाळल्याशिवाय आत जात नाही. बुळबुळीत थर मोडायला घासणीइतकंच वाळणंही लागतं. ही भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका, सरपटणारे प्राणी साल्मोनेला बाळगून असतात. घरात लहान मुलं असतील तर हात धुण्याचा नियम घरच्या सगळ्यांना लावा.

भुशाबद्दल: आजारपणात तो पूर्ण काढून टाकून नुसते कागद घाला, रोज बदला. बरं झाल्यावर अॅस्पेनचा भुसा चालतो, मात्र आठवड्यातून एकदा बोटांनी तळापर्यंत उकरून बघा. नारळाचा काथ्या पाणी धरून ठेवतो, या सापांना तो नको. सीडरच्या लाकडाचा भुसा कोणत्याच सापाला नको.

ऊब आणि वारा

कोरडेपणाची दुसरी बाजू ऊब. उबदार टोकाला ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २२ ते २५ एवढा फरक असला की साप पाण्यातून निघून स्वतःच उबेला जातो आणि सुकतो. ओल आणि गारठा एकत्र आले की प्रतिकारशक्ती ढासळते, आणि चांगल्या औषधालाही कातडी दाद देत नाही. ऊब टिकावी म्हणून जाळीच्या झाकणावर प्लास्टिक अंथरणारे भेटतात. सकाळी काचेवर आतून दव दिसत असेल तर ते प्लास्टिक आजच काढा आणि ऊब वाढवायची तर उष्णतेचा स्रोत बदला.

थर्मोस्टॅटच्या बाबतीत माझाच एक पराक्रम सांगण्यासारखा. तापमान मोजणारी तार मी काचेला नुसती टेकवून ठेवली होती. मादीने शेपटीने ती ओढली आणि टोक पाण्याच्या भांड्यात पडलं. थर्मोस्टॅटला वाटलं टाकी गारठलीय, त्याने मॅट चालूच ठेवली. मी संध्याकाळी आलो तेव्हा उबदार टोकाचा कागद हाताला चटका देत होता, काचा धुक्याने भरल्या होत्या आणि बाई थंड टोकाला भांड्यात मान वर करून बसल्या होत्या. भाजली नाही हे नशीब. तेव्हापासून तार क्लिपने पक्की बांधलेली असते, आणि साप जिथे प्रत्यक्ष पोट टेकतो तिथलंच तापमान मोजते.

साप पाण्यातून बाहेरच येत नसेल तर

वरचं सगळं जमून आलं तरी साप दिवसचे दिवस भांड्यात बसून राहिला तर फोड येणारच. "पाणसाप आहे, पाण्यात बसणारच" असं म्हणून सोडून देऊ नका. निरोगी साप येऊन-जाऊन असतो. सतत बसण्याला कारण असतं. माइट्स, हे वर आलंच. टाकी फार गरम असणं, हे थर्मामीटरने दोन मिनिटांत कळतं. कात टाकायची वेळ, म्हणजे दुधाळ डोळे. हे आठवड्याभरात आपोआप संपतं.

चौथं कारण सगळ्यांत जास्त दिसतं आणि सगळ्यांत कमी ओळखलं जातं: सापाला लपायला दुसरी जागाच नसते. माझ्या टाकीत एक ऐसपैस लाकडी कमान होती, दोन्ही बाजूंनी उघडी. माझ्या नजरेला ते घर, तिच्या नजरेला रस्त्यावरचा मांडव. भांडं मात्र कोपऱ्यात, वर सालीची सावली, चारही बाजूंनी कडा अंगाला लागलेल्या. ती पाण्यासाठी तिथे बसतच नव्हती. मी उबदार, कोरड्या बाजूला एक बसकी पेटी उलटी ठेवली, वेटोळं घातल्यावर पाठ छताला लागेल इतकी बुटकी, आत जायला एकच भोक. तिसऱ्या दिवशी भांडं रिकामं होतं आणि पेटीच्या भोकातून जीभ लवलवत होती.

फोड चालू असताना मोठं भांडं काढूनच घ्या. प्यायला लहान, जड वाटी पुरे, ज्यात तो बसू शकणार नाही. "पाण्याशिवाय पाणसाप?" म्हणून जीव तुटतो, ठाऊक आहे. दोन-तीन आठवडे पोहायला न मिळाल्याने पाणसाप मरत नाही. वाटलंच तर एक दिवसाआड वेगळ्या टबात कोमट पाण्यात १५-२० मिनिटं सोडा, मऊ कापडाने टिपून कोरडा करा आणि मग टाकीत ठेवा. डोळे दुधाळ झाले की मात्र ओलसर शेवाळ घातलेला एक झाकणाचा डबा आत द्या, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघेल. कात पडली की डबा बाहेर.

औषध, आणि त्याची मर्यादा

फोड फोडू नका. वरची कातडी हेच त्या घडीला सगळ्यांत चांगलं बँडेज. फुटलेल्या जागेवर दिवसातून एकदा पातळ पोव्हिडोन आयोडीन, रंग फिक्या चहासारखा दिसेल इतपत, किंवा ०.०५ टक्के क्लोरहेक्सिडीन कापसाने टेकवा. बाजारातलं द्रावण २ टक्क्यांचं असेल तर एक लिटर पाण्यात २५ मिलिलिटर घातलं की ०.०५ टक्के होतं. बाटलीवरचा आकडा वेगळा असला तर हिशेब पुन्हा करा. औषध वाळेपर्यंत साप पाण्यापासून लांब. डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नका. माणसांची वेदनाशामक मलमं अजिबात वापरू नका. सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम आणि प्रतिजैविकं डॉक्टरांनी सांगितली तरच, आणि जखम जुनी असेल तर आधी पू-पाण्याचा कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत त्यातले जंतू वाढवून, कोणतं औषध लागू पडतं ते बघायला सांगा. अंदाजाने दिलेलं प्रतिजैविक हेही फोड परतण्याचं एक कारण आहे.

हे सगळं करताना पाणसाप चावणार, आणि शेपटीकडून असा दर्प सोडणार की दोन आंघोळींनी जात नाही. चाव्याने खोल जखम होत नाही, बारीक ओरखड्यांतून रक्त मात्र बरंच वाहतं. जुने कपडे घाला, एकाने धरा, दुसऱ्याने औषध लावा.

किती दिवस? कातडी कातेगणिक भरून येते, त्यामुळे दिवस मोजण्यापेक्षा काती मोजा. साधारण दोन ते तीन काती लागतात, आणि आजारी साप एरवीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो. कात फेकून देऊ नका. पाण्यात भिजवून उलगडा, पोटाची बाजू खिडकीच्या काचेवर पसरून चिकटवा आणि उजेड मागून येऊ द्या. निरोगी खवला काचेसारखा पारदर्शक दिसतो. जिथे फोड होता तिथे ढगाळ तपकिरी डाग किंवा फाटलेलं भोक दिसतं. मी प्रत्येक कातेवर तारीख लिहून ती वहीत चिकटवली. पहिल्या कातेवर १४ डाग, दुसरीवर ५, तिसरीवर एकही नाही. जिवंत साप वळवळत असताना पोट नीट मोजता येत नाही, कातेवर येतं.

खाण्याचाही इथे संबंध आहे

मासे पटकन पचतात, शी पातळ आणि लवकर होते, टाकी जास्त ओली होते. त्यात मासे पाण्याच्या भांड्यातच सोडून खायला देण्याची पद्धत असते, ते पाणी तासाभरात नासतं. वेगळ्या टबात खाऊ घातलं, टिपून परत ठेवलं, की अर्धी घाण कमी होते.

माशांमुळे दुसरंही एक दुखणं उद्भवतं, फोडांच्या गडबडीत ते नजरेतून सुटतं. गोल्डफिश, कार्प, फॅटहेड मिनो, हेरिंग, स्मेल्ट या माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. महिनोन्‌महिने हेच मासे दिले की साप अडखळत सरपटतो, डोकं एका बाजूला कलतं किंवा वर ताठतं, उलटा केला तर चटकन सुलटा होत नाही, शेवटी झटके येतात. औषध लावताना तुम्ही सापाला धरणारच आहात, तेव्हा हळूच पाठीवर वळवा आणि किती वेळात पालटतो ते बघा. निरोगी साप क्षणात पालटतो. वेळ लागला तर डॉक्टरांकडून थायमिनचं इंजेक्शन लागेल, आणि ते लवकर मिळालं तर साप बहुधा सावरतो.

मासे गोठवल्याने परजीवी मरतात, हे एन्झाइम मरत नाही. ८० अंश सेल्सिअसला पाच मिनिटं ठेवलं तर मोडतं, पण त्या उष्णतेने माशातलं थायमिनही कमी होतं. म्हणून ट्राउट, तिलापिया, गप्पी असे थायमिनेज नसलेले मासे निवडा. मासे खाणाऱ्या प्राण्यांना खाद्याच्या दर किलोमागे २५ ते ३५ मिलिग्रॅम थायमिन पूरक म्हणून देतात. तुमच्या सापाला ते कसं द्यायचं हे डॉक्टरांना विचारा.

सगळ्यांत सोपं म्हणजे हळूहळू उंदरांवर आणणं. वितळवलेलं उंदराचं पिल्लू माशावर चोळून वास लावायचा, ओलसरच द्यायचं. माझ्या मादीने पाच वेळा नाक फिरवलं, सहाव्या वेळी घेतलं. उंदरावर आल्यावर शी घट्ट झाली, पाणी दोन-दोन दिवस स्वच्छ राहायला लागलं. मात्र उंदीर दर सात ते दहा दिवसांनी एकच, कारण पाणसाप खादाड असतो, दिसेल तेवढं गिळतो आणि फुगत जातो.

टाकी कोरडी झाली, टिश्यूची घडी आठ-दहा सकाळी सलग कोरडी निघाली, उबदार पेटीत साप झोपायला लागला, आणि तरीही तिसऱ्या कातेवर नवे डाग दिसले, तर टाकीतला दोष आता संपलेला आहे. तेव्हा तारखांसह काती, पोटाची छायाचित्रं, तापमानाची वही आणि आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा आणि रक्ततपासणी, जिवाणूंचा कल्चर आणि बुरशीची चाचणी या तिन्ही गोष्टी एकाच फेरीत मागा.